नवनीतशेठची होळी

प्रकाशा गावात भांड्यांची दुकानं तीन-चार असतील, पण नवरीची भांडी घ्यायची तर नवनीतशेठकडेच, असं होतं. कारण नाव. भांड्यावर नाव टाकायचं मशीन सगळ्यांकडेच असतं, पण बाकीचे कोंबडीने उकरल्यासारखं टाकतात आणि मोकळे होतात. नवनीतशेठ चष्मा कपाळावर सरकवायचे, तांब्या मांडीत धरायचे आणि नवरीलाच विचारायचे, पोरी, तुझं नाव तू कसं लिहितेस? एकदा लिहून दाखव. मग घर्रर्र करत तसंच्या तसं अक्षर तांब्यावर उतरायचं. गावातल्या अर्ध्या बायकांचं पोरपणीचं अक्षर आज कुठे सापडेल तर ते त्यांच्या स्वयंपाकघरातल्या तांब्यांवर.

हा माणूस गेला, आणि नंतर त्याच्याच घरात त्याच्यावर संशय घेतला गेला. आणि तो संशय त्याच्या मुलीने, चेतनाने पण घेतला. सगळ्यांसारखाच.

नवनीतशेठ सुरुवातीपासून शेठ नव्हते. वडील लवकर गेले, मोठे भाऊ हिलाल आप्पा शेती बघायला लागले, आणि नवनीतला शेतीत काडीची गोडी नव्हती. ते ॲल्युमिनियमची पातेली पोत्यात भरून एसटीच्या टपावर टाकायचे आणि वर डोंगरात, मोलगीच्या शुक्रवारच्या बाजारात चादर पसरून बसायचे. तेव्हाचा घाट असा की वर पोहोचेपर्यंत निम्मी पातेली चेपलेली असायची. ती दगडावर ठोकून सरळ करायची आणि मग विकायची. पुढे दुकान झालं, दुकानाला काच लागली, पण शुक्रवार सुटला नाही. हिलाल आप्पा म्हणायचे, आता कशाला जातोस, माणूस ठेव. नवनीतशेठ म्हणायचे, मी ज्या चादरीवर मोठा झालो ती दुसऱ्याला कशी देऊ.

आणि घरवेडे तर किती. थंडीत चेतनाची स्कूटी सकाळी सुरू होत नाही म्हणून ती उठायच्या आधी किक मारून ठेवायचे. बायकोला, म्हणजे रोहिणीबाईंना, नदीतलं डांगर आवडतं तर तापीच्या वाळूतल्या टरबुजांच्या वाडीवर स्वतः जाऊन, ठोकून, कान लावून आणायचे. मुलगा भाग्येश सुरतला कंपनीत लागला तेव्हा त्याच्या डब्यावर, ताटावर, चमच्यावर सुद्धा नाव टाकून दिलं. भाग्येश म्हणाला, पप्पा, रूमवर पोरं हसतील. ते म्हणाले, हसू दे, चमचा तर हरवणार नाही.

हसण्यावरून सांगायचं तर घरात हसायचं खातं रोहिणीबाईंकडे. त्यांची जीभ म्हणजे कात्री. नवनीतशेठचे पाय बाहेरच्या बाजूला फाकलेले, चालताना डुलायचे. एकदा पुतण्याच्या वरातीत बँडपुढे ते असे रंगून नाचले, घाम येईपर्यंत नाचले, आणि बायकांच्या घोळक्यातून रोहिणीबाईंचा आवाज आला, "दखा व, बदक नाची ऱ्हायनं." अख्खी वरात हसली. नवनीतशेठ पण हसले. पण त्यानंतर कुठल्याच लग्नात ते नाचले नाहीत. नारळ धरायचे, दुसऱ्यांच्या चपला सांभाळायचे, पण नाचायचे नाहीत. चेतनाला हे लहानपणापासून माहीत होतं. तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

आता होळीचं.

दरवर्षी होळी आली की नवनीतशेठ बदलायचे. आधीचे पाच दिवस खाटेवर झोपायचे नाहीत, दुकानाच्या ओट्यावर नुसत्या फरशीवर पडायचे. पाठ दुखते म्हणायचे. एकदाच जेवायचे, ते पण दुकानातल्या स्टोवर स्वतः खिचडी टाकून. ॲसिडिटी म्हणायचे. अनवाणी फिरायचे, आंघोळ टाळायचे. रोहिणीबाईंनी चहाचा कप पुढे केला तर हातातून घ्यायचे नाहीत, खाली ठेव म्हणायचे. आणि मग वर मोलगीला निघून जायचे. होळीचा बाजार आहे, घुंगरू-घंट्या खपतात, धंद्याचे दिवस आहेत, म्हणायचे. घरासमोर गल्लीची होळी पेटायची, पुरणपोळीचं पान झाकून ठेवलेलं असायचं, आणि घरधनी नाही. होळी झाल्यावर यायचे ते डोळे खोल गेलेले, अंगाला धुराचा वास.

चेतनासाठी हे "पप्पांचे धंद्याचे दिवस" होते. बस.

शिवरात्रीच्या दोन दिवस आधी दुपारी ते दुकानात बसल्या बसल्या गेले. शिवरात्रीसाठी बाहेरगावची माणसं केदारेश्वराला येत होती, रस्त्यावर गर्दी होती, कोणाच्या लक्षातच आलं नाही. शेजारच्या दुकानदाराला वाटलं शेठला डुलकी लागली. डोकं गल्ल्यावर, आणि हातात एक जाड दोरी, तिच्यात मोठे मोठे घुंगरू ओवलेले. शहाद्याच्या डॉक्टरांनी हार्टचं सांगितलं. ते घुंगरू विकायचे नव्हते हे चेतनाला तेव्हाच कळायला हवं होतं. विकायचे घुंगरू पिवळेधमक असतात. हे काळपट, झिजलेले, दोरी घामाने कडक झालेली. कोणीतरी ते आणून घरातल्या कपाटावर ठेवून दिले आणि सगळे रडण्यात लागले.

मग ती बाई आली.

सुतकाचा आठवडा झाला असेल. दारात माणसं बसलेली, हिलाल आप्पा खुर्चीवर. वरच्या डोंगरातली एक बाई, चांदीचा वाळा, पदर वेगळ्या पद्धतीचा, रस्त्यावरूनच गाणं म्हटल्यासारखी रडत आली. आपल्याकडे अशी रडत फक्त घरची बाई येते, बहीण नाहीतर लेक. ओट्याच्या खाली बसली, जमिनीवर हात आपटत रडली, शेठ शेठ करत. मग तिने डोळे पुसले आणि सरळ रोहिणीबाईंकडे बघून म्हणाली, "शेठचे घुंगरू दे. आम्हाला लागतील."

हिलाल आप्पांनी विचारलं, तू कोण, कुठली? ती म्हणाली, फुलीबाई, मोलगीची. एवढंच. आप्पांनी तिला चहा दिला, तो पण कागदी कपात, आणि बघू नंतर म्हणून वाटेला लावलं. रोहिणीबाई आत गेल्या आणि ज्या खोलीत घुंगरू होते तिला कुलूप लावलं. किल्ली कमरेला.

त्या दिवसापासून घरात रडणं बंद झालं. म्हणजे अक्षरशः बंद झालं. चेतनाला ते रडण्यापेक्षा भयंकर वाटायचं. मम्मी भिंतीकडे बघत बसायची आणि मग एकेक काढायची, स्वतःशीच बोलल्यासारखं. कानामागचा पांढरा डाग. प्रत्येक होळीनंतर पप्पांच्या कानामागे काहीतरी पांढरं राहिलेलं असायचं. पावडर असेल, दुसरं काय. आणि कमरेला लाल वळ, गोल. कोणाच्या कमरपट्ट्याचे? आणि खिशात एकदा मोराच्या पिसाचा डोळा. आणि पाच दिवस आधीपासून बायकोला हात न लावणं. कप सुद्धा हातातून न घेणं. सगळ्या गावाला टोमणे मारणाऱ्या रोहिणीबाईंनी हे एक कधी विचारलं नव्हतं. का विचारलं नाही, तर उत्तर मिळालं असतं म्हणून.

भाग्येशने ऐकलं आणि तो तर पेटलाच. तो म्हणाला, प्रत्येक शुक्रवार, मम्मी, प्रत्येक शुक्रवार, काय माणूस पातेल्यांसाठी जातो का एवढा? हिलाल आप्पांनी नको नको म्हणत आणखी तेल ओतलं. म्हणे वर एक घर आहे, नवनीत तिथे उतरतो हे त्यांच्या कानावर होतं, पण भाऊ म्हणून बोलले नाहीत. चेतनाला आप्पांचा राग आला. आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण तिच्या डोक्यात पण तेच चालू झालं होतं. पप्पा स्कूटीला किक मारायचे ते प्रेमाने की पाप फेडायला? डांगर आणायचे ते कशासाठी? एकदा संशय घरात आला ना, की तो मागे जाऊन सगळे जुने फोटो खराब करतो.

गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटायचं कार्य, जवळ आलं. मंडपवाला विचारून गेला. तेव्हा रोहिणीबाईंनी हिलाल आप्पांसमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलल्या.

"मी बठाव नई गंधमुक्तीले. पहिले माले सांगा, कोन्हा नवरा व्हता तो?"

गंधमुक्तीला बायको बसली नाही तर गावात काय होईल हे सगळ्यांना कळत होतं. चेतना मध्ये काहीतरी म्हणायला गेली तर आप्पा तिच्यावरच खेकसले, "तू मोठा मानससना मझार पडू नको." म्हणजे ती वीस वर्षांची, बाप तिचा, आणि मध्ये पडायचं नाही.

तिने तिथेच ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, विचार केलाच नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मम्मी कमरेची किल्ली उशीखाली ठेवून अंघोळीला गेली तशी तिने ती काढली, कुलूप उघडलं, घुंगरू ओढणीत गुंडाळले तरी छुनछुन वाजतच होते, म्हणून त्यांच्यात पप्पांचा स्वेटर कोंबला. कॉलेजला जाते सांगून निघाली. तळोद्यावरून अक्कलकुव्यापर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये मांडीला मांडी, छपरावर माणसं, आणि सगळ्यांकडे काहीतरी नवीन, नवीन रुमाल, नवीन ओढणी. होळीआधीचा बाजार, वर्षातला सगळ्यात मोठा. मांडीवर बॅग घट्ट धरून चेतना वाक्यं जुळवत होती. पहिलं वाक्य काय बोलायचं तिला. लाज वाटत नाही का, हे फार फिल्मी वाटलं. पोरं किती आहेत, हे विचारू?

मोलगीचा बाजार म्हणजे त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. ढोल, शिट्ट्या, गोडीशेव, आरसे. पप्पांची जागा तिने कधी पाहिली नव्हती, पण विचारायची गरजच पडली नाही. भांडीवाला शेठ कुठे बसतो, असं एका पोराला म्हणाली तर त्याने बोट दाखवलं. एवढ्या गर्दीत एक चादरीएवढी जागा रिकामी होती. कोणी बसलं नव्हतं तिथे. आणि त्या रिकाम्या जागेच्या शेजारी लसणाचा ढीग लावून फुलीबाई बसली होती.

जवळून पाहिली तर ती म्हातारी होती. साठीच्या कितीतरी पुढची. ओट्याखाली रडत होती तेव्हा चेतनाने तिचं तोंडच बघितलं नव्हतं, तिच्या मनाने ती बाई तरुण करून टाकली होती. चेतनाला हायसं वाटलं आणि लगेच पुढचा संशय आला. हिला मुलगी असेल. सून असेल.

फुलीबाईने तिला ओळखलं. कसं ओळखलं विचारायच्या आधीच ती म्हणाली, "चेतना ना तू? शेठ तुझा फोटो दाखवायचा. आणलेस का घुंगरू?"

वरची माणसं सगळ्यांना अरे-तुरेच बोलतात, त्यात अपमान नसतो. पण चेतनाला ते त्या वेळी असं लागलं की जणू ही बाई तिच्या बापाला घरातल्यासारखं बोलते आहे. तिने बॅग छातीशी धरली. घर कुठे आहे, मला तुझं घर बघायचं आहे, असं म्हणाली. फुलीबाईने लसूण शेजारणीच्या हवाली केला, मुलाला हाक मारली, दलसिंग म्हणून. तिघं चालत पाड्यावर गेले, बाजाराच्या मागचीच टेकडी. दलसिंग पुढे, चेतना त्याच्या पावलांकडे बघत. सरळ पडत होती. घरासमोर त्याची पोरं खेळत होती, तिने एकेकाचं नाक बघितलं, पाय बघितले, पाय बाहेर फाकलेत का ते बघितलं. एकाही पोराचं काहीच पप्पांसारखं नव्हतं. तरी तिचं समाधान होईना. दलसिंगची बायको पाणी घेऊन आली तर तिचा कमरपट्टा आहे का ते पण बघून घेतलं.

आत एका खुंटीला पातेलं टांगलेलं होतं. आपल्या दुकानातलं. हे तिला लांबूनच कळलं, कारण काठावर नाव होतं आणि ते घर्रर्र अक्षर ती झोपेत ओळखेल. ती उठली, पातेलं काढलं. नाव फुलीबाईचं नव्हतं. रोहिणी. फक्त रोहिणी, आणि तेही मम्मीच्याच अक्षरात, ती सही करते तसं, ण ची शेपूट लांब.

तिला एवढा राग आला. घरातलं भांडं, मम्मीच्या नावाचं, इथे? इथे यांना वाढलं त्यात? ती काय काय बोलली ते तिला नंतर नीट आठवलं पण नाही. आणखी काय काय आणलं त्यांनी तुमच्याकडे, असंही म्हणाली. दलसिंग उभाच राहिला. फुलीबाई मात्र खाली बसून तिचं सगळं ऐकत राहिली, जसं बाजारात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकाचं ऐकतात.

मग तिने सांगितलं. सावकाश, मधे थांबत, कारण तिला आमची भाषा तोडूनच यायची.

चेतनाच्या जन्मानंतरची होळी. नवनीतशेठ खाली वीस दिवसांच्या बाळंतिणीला सोडून बाजाराला आलेले, कारण होळीचा माल भरलेला होता. एसटीडीच्या दुकानात निरोप आला, बाई सिरियस आहे, ताप डोक्यात गेला, नंदुरबारला नेली आहे. आणि खाली जायला गाडी नाही. होळीच्या दिवशी इथला ड्रायव्हर ढोल सोडून उठत नाही. शेठ रस्त्यावर पायीच निघाले तर फुलीबाईच्या नवऱ्याने हाताला धरून बसवलं. म्हणाला, चालत गेलास तर उद्या पोहोचशील, तिला आज पाहिजे. मानता बोल, नवस. होळीला बोल. ती वाचली तर पाच वर्षं बावा होईन म्हण.

बावा म्हणजे होळीपुढे नाचणारा. अंगभर राखेचे आणि तांदळाच्या पिठाचे ठिपके, डोक्याला मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि मोठे घुंगरू. आणि होळीआधी पाच दिवस पाळणी. खाटेवर झोपायचं नाही, पायात घालायचं नाही, अंघोळ नाही, स्वतःच्या हाताने शिजवून एकदा खायचं, आणि बायकोला शिवायचं नाही. तिच्या हातून काही घ्यायचं पण नाही.

चेतनाने काठावरचं नाव परत वाचलं. पातेलं हातातच.

"इथे आला की शेठ त्यातच शिजवायचा, ज्याच्यासाठी मानता त्याच्या नावाच्या भांड्यात," फुलीबाई म्हणाली. "आमच्यात असं नाही. त्याने त्याचंच काढलं. नाव टाकायचं वेड होतं ना त्याला."

दलसिंगने मग हसत हसत सांगितलं, शेठ पहिल्या वर्षी इतका वाईट नाचला की ढोलवाला चुकला. पाय दोन दिशांना जायचे. पण पाय दोन दिशांना जातात म्हणूनच भोपळे जास्त हलायचे, आणि नंतर नंतर लोक त्यालाच बघायला यायचे. तोंड रंगवलेलं, त्यामुळे खालचा कोणी आला तरी ओळखायचा नाही.

चेतनाने हिशोब केला. पाच वर्षं. ती पाच वर्षांची होती तेव्हाच संपली असणार मानता. मग नंतर?

"नंतर त्याला आवडायचं," फुलीबाई म्हणाली.

एवढंच. त्याला आवडायचं. त्यासाठी दरवर्षी पाच दिवस फरशीवर झोपायचे, पाठ दुखते म्हणून खोटं बोलायचे. चेतनाला कळेना की आता रडायचं की रागवायचं. घरात का नाही सांगितलं मग? फुलीबाई म्हणाली, आधी स्वतःच्या आईला घाबरायचा. आपल्या गावात एवढं मोठं देऊळ सोडून डोंगरात मानता बोलला, तर ती घरात घेणार नाही म्हणायचा. म्हातारी गेली तेव्हा मी म्हटलं, आता सांग बायकोला. तर म्हणाला, ती हसेल.

चेतनाने घुंगरू बाहेर काढले, पप्पांच्या स्वेटरमधून, आणि फुलीबाईसमोर ठेवले. पण फुलीबाईने हात लावला नाही. तिच्याकडे अशी रीत होती की बावा मेला तर त्याचे घुंगरू त्या वर्षीच्या होळीत कोणीतरी बांधून वाजवायचे, नाहीतर ते घरात मुके होऊन बसतात आणि घराला लागतात. म्हणून ती मागायला आली होती, दलसिंग बांधणार होता. पण ते घरच्या बाईने तिच्या हाताने द्यायचे. चोरून आणलेले चालत नाहीत. चोरून आणलेत हे तुला कोणी सांगितलं, असं चेतना म्हणाली, तर म्हातारी म्हणाली, स्वेटरमध्ये गुंडाळून कोण देतं.

निघताना दलसिंगने गेल्या होळीचा व्हिडिओ दिला. रेंज नव्हती, म्हणून ब्लूटूथने. जीप चुकली असती, इतका वेळ लागला. चेतनाने घुंगरू परत बॅगेत घातले आणि पातेलं पण मागून घेतलं.

घरी पोहोचली तर दिवेलागणीला आधीच बोंब झालेली होती. खोली उघडी, घुंगरू गायब, पोरगी गायब. भाग्येश बाइक काढून उभा. तिने कोणाला बोलू दिलं नाही, दारातच सगळं धडाधड सांगून टाकलं, श्वास न घेता. मानता, पाळणी, बावा, ताप, नंदुरबार. हिलाल आप्पा ऐकता ऐकता खुर्चीत मागे सरकले. भाग्येशने मान खाली घातली.

रोहिणीबाई मात्र तशाच.

"ती ते असंच सांगी," त्या म्हणाल्या. "दुसरं काय सांगी ती?"

चेतनाने पातेलं पुढे केलं. त्यांनी नाव बघितलं, ण ची शेपूट बघितली, एक क्षण बोट फिरवलं त्याच्यावरून, आणि परत केलं. पातेलं दुकानातलं, मशीन त्याचं, नाव कोणाचंही टाकेल तो, म्हणाल्या. दोन बायका सांभाळणारा माणूस पहिल्या बायकोचं नाव टाकणारच, म्हणजे दुसरीकडे तोंड वर करता येतं. आणि खरं सांगायचं तर चेतनाला पण परतीच्या जीपमध्ये हेच वाटून गेलं होतं. पाच वर्षांनंतर आवडायचं म्हणून गेले. काय आवडायचं?

तिने मोबाइल काढला.

व्हिडिओ हललेला, धुराचा, ढोलाचा आवाज फाटणारा. आगीभोवती दहा-बारा बावा, सगळे ठिपक्यांचे, सगळे सारखे. मम्मीने बघितलं. कोण आहे यात, कोणीच कळत नाही, म्हणाली. चेतनालाही कळत नव्हतं. दोनदा लावला. मग शेवटी शेवटी ढोल थांबला, बावा दमून बाजूला जायला निघाले, कॅमेऱ्याकडे पाठ करून. त्यातला एक डुलत डुलत चालला. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला, कमरेचे भोपळे एकमेकांवर आपटत.

रोहिणीबाईंनी मोबाइल हातातून ओढून घेतला.

"बदक," त्या म्हणाल्या.

मग मागे नेऊन परत बघितलं. परत. नाचताना कोणता तो आता त्यांनाच दिसायला लागला होता, बोट ठेवून दाखवायला लागल्या, हा, हा दख, हा. तो माणूस नाचत होता तसं त्यांनी त्याला कधीच बघितलं नव्हतं. वरातीत पण नाही. त्याच्या कानामागे पांढरे ठिपके होते. कमरेला दोरी करकचून बांधलेली होती.

"पाच वरीस मन्हासाठे," त्या म्हणाल्या. "बाकीना त्यानासाठे."

आणि मग रडल्या. नवनीतशेठ गेल्यापासून पहिल्यांदा खरं रडल्या, आणि रडता रडता त्यांना शिव्या पण दिल्या, मेल्या, सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का तुला. कोणी त्यांना गप्प केलं नाही. हसली असती का त्या? हसल्याच असत्या. हे त्यांनाही माहीत होतं, म्हणून तर जास्त रडल्या.

गंधमुक्तीला त्या बसल्या. मोठं कार्य झालं, गावातल्या कितीतरी बायका आल्या, आणि एकीने तिचा तांब्या आणला होता सोबत, नुसता दाखवायला. दुपारी मंडपवाला खुर्च्या गोळा करत होता. भाग्येश दमून अंगणातल्या खाटेवर आडवा पडला, पाय बाहेर लोंबकळत, बापासारखेच फाकलेले. चेतना त्याच्या पायथ्याशी बसलेली.

रोहिणीबाई आतून आल्या. परातीत घुंगरू, वर चिंचेचा कोळ. खाली जमिनीवर बसल्या आणि एकेक घुंगरू चोळायला लागल्या. काळपट पाणी सुटलं. मग वर न बघता म्हणाल्या, "भाग्येश, खाटवरथून ऊठ. होयी लगून खाटवर बठू नको."

"काबरं?"

"घुंगरू बांधना शेत तुले. दलसिंगले मी निरोप धाडेल शे."

भाग्येश उठून बसला. मम्मी, मला नाचता येत नाही, लोकं हसतील, असं काहीतरी पुटपुटला. त्याने चेतनाकडे बघितलं. ती आधीच खाटेवरून उतरली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"हसतीन," रोहिणीबाई म्हणाल्या. "सर्वासना पहिले मी हसनार शे, तठे इसन."

चोळलेला घुंगरू त्यांनी उन्हात धरून बघितला, हलवला, आणि तो वाजला.

"आनि घर येशी तव्हय," त्या म्हणाल्या, "कानमांगलं धोई लेजो."